दोन खोल्यांची सजावट

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ज्यांनीं ही म्हण केली त्यांना शहरांतील तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा ठाऊक नसावी. नाहीं तर 'घर पाहावें सजवून' हें तिसरें कलम त्यांनीं खात्रीनें जोडलें असतें. घर गवंडी बांधतो, लग्न वडीलधारी मंडळी जमवितात. सजविण्याचें काम मात्र ज्याचें त्यालाच करावें लागतें, आणि त्यांत जी फजिती होते तीहि त्याच्या एकट्याच्याच वांट्याला येते. वार्षिकाच्या संपादकांनीं कांहीं तरी लिहून द्या असा आग्रह धरला, तेव्हां ह्या फजितीचीच हकीकत सांगावी असें मीं ठरविलें. तिचा आरंभ हंसण्यासारखा आहे. शेवट तसा नाहीं.

धाराशिव शहरांत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतों. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ह्या शहराचें नांव उस्मानाबाद असें आहे. २०२३ सालीं सरकारदरबारीं तें धाराशिव झालें. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं मात्र तें आधींपासूनच धाराशिव होतें. आमची पुढची खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. मागचें स्वयंपाकघर तेवढेंहि नाहीं. घरमालक ज्याला बाल्कनी म्हणतात त्या सज्जांत दोन माणसें एका वेळीं उभीं राहिलीं तर तिसऱ्यानें आंत थांबावें हें बरें. एवढ्या जागेंत मी, माझी पत्नी व चार वर्षांची कन्या अशीं तीन माणसें, दोन कपाटें, एक दिवाण, माझीं पुस्तकें आणि तपासावयाच्या वह्यांचे गठ्ठे हीं सर्व गुण्यागोविंदानें नांदतात.

आम्हीं ही जागा घेतली तेव्हां सजावटीविषयीं माझी समजूत अगदीं साधी होती. चित्रांत जें दिसतें तें विकत आणावें, आणि चित्रांत जेथें दिसतें तेथें ठेवावें. मोबाइलवर अशीं चित्रें हवीं तितकीं मिळतात. त्यांतील खोल्या पांढऱ्याशुभ्र असतात. त्यांत कोणी चहा सांडीत नाहीं, कोणाचीं दप्तरें वाटेंत पडत नाहींत, आणि वाळत घातलेला टॉवेल तर औषधालाहि सांपडत नाहीं. पहिल्या दिवाळीला मीं एका भिंतीस विटांचें चित्र असलेला कागद चिकटविला. दरवाजावर प्लास्टिकची वेल सोडली. टीव्हीच्या एका बाजूस आयफेल मनोरा व दुसऱ्या बाजूस पोट सुटलेला हंसरा चिनी बुद्ध बसविला. पॅरिस मीं पाहिलें नाहीं आणि चीनला जाण्याचा योग येईल असें वाटत नाहीं. पण त्या दोन्ही देशांना माझ्या घरांत जागा मिळाली, व माझ्या स्वतःच्या तालुक्याला मात्र ती मिळाली नाहीं, ही गोष्ट त्या वेळीं माझ्या ध्यानांतहि आली नाहीं.

ती ध्यानांत आणून देण्याचें काम एका विद्यार्थ्यानें केलें. राहिलेली वही देण्यासाठीं तो एकदां घरीं आला होता. पाणी पितां पितां त्यानें चोहोंकडे पाहिलें व मोठ्या आदरानें तो म्हणाला, "सर, तुमचें घर अगदीं मोबाइलच्या दुकानासारखें झालें आहे."

बिचाऱ्यानें स्तुतिच केली होती. पण तो गेल्यावर मी बराच वेळ त्या हंसऱ्या बुद्धाकडे पाहत बसलों, आणि तो मलाच हंसत आहे असें मला वाटूं लागलें.

त्याच हिवाळ्यांत आमच्या वर्गाची सहल तेर येथें गेली. तेरणा नदीच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रंथांत तगराचा उल्लेख आहे; येथून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. तेथील त्रिविक्रमाचें देऊळ विटांचें आहे. त्या विटांवरून मुलें हात फिरवूं लागलीं, आणि मला माझ्या भिंतीवरच्या कागदी विटा आठवल्या. खऱ्या विटांचें इतकें जुनें देऊळ ज्याच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे, त्यानें विटांचें चित्र विकत आणून भिंतीला चिकटवावें, ह्याला काय म्हणावें!

पुढें आम्ही रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या नांवाच्या संग्रहालयांत गेलों. गांवांत व आसपास सांपडलेल्या वस्तू ह्या गृहस्थांनीं आवडीनें जमविल्या, त्यांतूनच हें संग्रहालय उभें राहिलें. मातीच्या लहान लहान मूर्ति, मणी, दिवे, असें पुष्कळ तेथें आहे. तेरला सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची हकीकत मीं मुलांना तेथेंच सांगितली. इटलींतील पाँपेई हें शहर इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. त्याच्या उत्खननांत १९३८ सालीं एका घरांत वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ति मिळाली, आणि तेर व भोकरदन येथें सांपडलेल्या मूर्तींशीं तिचें जवळचें साम्य असल्याचें विद्वानांनीं दाखविलें आहे. म्हणजे आपल्या ह्या दक्षिणेच्या कारागिरीची एक वस्तु समुद्रापलीकडच्या कोणा गृहस्थाच्या घरांत जाऊन बसली होती. त्याला आपल्याकडची वस्तु घरांत असावीशी वाटली, आणि मी मात्र आपल्याकडचें सर्व सोडून पॅरिसचा मनोरा मांडून बसलों होतों.

तेर हें संत गोरोबाकाकांचेंहि गांव. संतांच्या मेळाव्यांत काकांनीं प्रत्येकाच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली व नामदेवांचें मडकें कच्चें असल्याचा निर्वाळा दिला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर मला वाटलें कीं, काकांनीं माझ्या डोक्यावर थापटी मारली असती तर आजवर आवाज कच्चाच आला असता. पण आतां मात्र माझें मडकें भाजून निघालें आहे. ही समजूत किती खोटी होती तें पुढें दिसून येईल.

घरीं येतांच मीं कागदी विटा सोलून काढल्या. मनोरा व बुद्ध शेजारच्या मुलांना देऊन टाकले. आतां माझें घर माझ्या मातीचें दिसलें पाहिजे, असें माझ्या मनानें घेतलें. आमचें मूळ गांव लोहारा तालुक्यांत, सास्तूरच्या बाजूस आहे. तेथें माझे आईवडील व आजी राहतात. पुढच्याच रविवारीं मी गांवीं गेलों. आजी त्या दिवशीं थोरल्या आत्याकडे गेली होती. आंगणांत दोन दगडांवर एक सागवानी फळी आडवी ठेविलेली असे; सहा फूट लांब, चांगली दोन बोटें जाड, वापरानें गुळगुळीत झालेली. आमच्या जुन्या घराची उरलेली लांकडी वस्तु ती एवढीच. आजी तिच्यावर बसून ज्वारी निवडीत असे. आंत भिंतीच्या कडेनें जमिनीवर पितळेच्या पांच कळश्या ओळीनें ठेविलेल्या असत. इतकीं देखणीं भांडीं धुळींत ठेवावीं, ही मला अडाणीपणाची खूण वाटली. वडिलांना विचारून मीं फळी व कळश्या गाडींत घातल्या. वडील 'ने' म्हणाले, पण क्षणभर थांबून म्हणाले, हें मला आज आठवतें.

धाराशिवला सुतारानें भिंतींत लोखंडी आधार ठोकून ती फळी दिवाणाच्या वर सहा फुटांवर बसविली. तिच्यावर मीं त्या पांच कळश्या चिंचेनें घासून लख्ख करून मांडल्या. एका कळशीला मोठा पोचा होता. तो दिसूं नये म्हणून तिची ती बाजू भिंतीकडे केली. समोरच्या भिंतीस नळदुर्गच्या पाणीमहालाचें, बोरी नदीचें पाणी बंधाऱ्यावरून कोसळत असतांनाचें छायाचित्र लाविलें. काम झाल्यावर मी दारांत उभा राहून पाहूं लागलों, आणि माझें मलाच समाधान वाटलें. विल्यम मॉरिस नांवाच्या इंग्रज कारागिरानें १८८० सालच्या एका व्याख्यानांत घरांतील वस्तूंना दोन कसोट्या लाविल्या होत्या: वस्तु उपयोगाची असावी, नाहीं तर सुंदर असावी. माझी फळी दोन्ही कसोट्यांस उतरली होती. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. शाळेंतील दोघां सहकाऱ्यांनीं आपल्या गांवांकडे फळ्या शोधावयास आरंभ केला.

पावसाळ्याच्या तोंडीं डोळे तपासून घेण्यासाठीं आजी आमच्याकडे आली. तिचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे. जिने चढून ती वर आली, उंबऱ्यांत थांबली आणि दिवाणाच्या वर पाहूं लागली. तिला कमी दिसतें अशी माझी समजूत होती. पण ती हळूहळू जवळ गेली, हात उंच करून तिनें फळीच्या कडेला बोटें लाविलीं व विचारलें, "ही आपली फळी न्हवं?"

"होय आजी," मी उत्साहानें म्हणालों. "कशी शोभते पाहा. आंगणांत उगीच उन्हापावसांत पडली होती."

ती कांहीं बोलली नाहीं. चहा घेऊन ती दाराच्या चौकटीशीं जाऊन बसली, आणि राहिली तोंवर बहुतेक वेळ तेथेंच बसून असे.

माझी कन्या दिवाणावर, त्या फळीच्या खालीं निजत असे. पहिल्या दिवशीं सकाळीं ती जमिनीवर, खोलीच्या अगदीं मध्यभागीं, आजीच्या कुशींत निजलेली आढळली. पणतीला जवळ घेतलें असेल म्हणून मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तेंच. तिसऱ्या दिवशीं मुलीला सर्दी झाली. मीं तिला पुन्हां दिवाणावर निजविलें आणि आजीला बजावून सांगितलें. तरी मध्यरात्रीं उठून तिनें मुलीला खालीं घेतलेंच. तेव्हां माझा तोल सुटला. मी म्हणालों, "आजी, गांवाकडची रीत गांवाकडे. येथें कसें राहावें तें तुला कळावयाचें नाहीं."

माझ्या पत्नीनें माझ्याकडे पाहिलें. मला ती नजर सहन झाली नाहीं. आजी मात्र शांतपणें म्हणाली, "नसंल कळत, बाबा."

चौथ्या रात्रीं आमच्या बोळांतून वाळूनें भरलेला एक ट्रक गेला. असे ट्रक नेहमींच जातात, आणि ते गेले म्हणजे खिडकीचीं तावदानें थोडीं थरथरतात. त्या रात्रीं तावदानांबरोबर कळश्याहि किणकिणल्या. मी जागा झालों. दिवाणावर मुलगी नव्हती, खालीं अंथरुणांत आजी नव्हती. दिवा लावून पाहतों तों दाराच्या चौकटींत आजी उभी. कडेवर माझी मुलगी, डोकें खांद्यावर टाकून गाढ झोंपलेली. इतकें वजन त्या म्हाताऱ्या हातांनीं कसें उचललें कोण जाणे. आजीचे डोळे फळीवर खिळले होते, आणि ओठ हलत होते. ती मोजीत होती. एक, दोन, तीन, चार, पांच. पांचहि जागेवर आहेत अशी खात्री झाल्यावर ती खालीं बसली.

मी तिच्याजवळ जाऊन बसलों. "आजी, काय झालें?" असें मीं विचारलें. बराच वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुझी धाकली आत्या तिच्याच खाली निजली होती, बाबा. वर भिंत, भिंतीखाली फळी, फळीखाली कळश्या, अन् कळश्यांखाली लेकरू."

माझी एक आत्या भूकंपांत गेली हें मला ठाऊक होतें. दर वर्षीं त्या दिवशीं घरांत तिचें नांव निघे. पण ती कशी गेली हें मला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि मींहि कधीं विचारलें नव्हतें. माझा जन्म त्यानंतरचा. जन्मापूर्वीं घडलेल्या गोष्टी मुलांना नेहमीं इतिहासासारख्या वाटतात. त्या आपल्याच घरांत, आपल्याच भांड्यांत अजून शिल्लक असतील हें त्यांच्या मनांत येत नाहीं.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजण्यास कांहीं मिनिटें कमी. किल्लारीचा भूकंप म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण लातूर जिल्ह्याइतकाच आमच्या जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागावरहि तो कोसळला. सरकारी गणतीप्रमाणें दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें ८ हजार माणसें गेलीं. त्यापूर्वीं हा सर्व प्रदेश भूकंपाच्या दृष्टीनें सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणला जात असे. माणसें आपल्याच घरांच्या खालीं गेलीं, कारण त्या घरांची रचनाच तशी होती. भिंती दोन-अडीच फूट, कोठें त्याहूनहि रुंद. बाहेरून एक दगडांचा थर, आंतून दुसरा, मध्यें दगडगोटे व माती. त्या दोन थरांना एकमेकांशीं बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. वर लांकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर मातीचें माळवद. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबावी म्हणून त्यावर पुन्हां पांढरी माती टाकीत. अशा रीतीनें वर्षानुवर्षें डोक्यावरचें ओझें वाढत जाई. उन्हाळ्यांत तें घर थंड, हिवाळ्यांत उबदार. त्याच्या कोनाड्यांत दिवे, बळदांत धान्य आणि फळीवर लग्नांत आलेलीं भांडीं. कोणीहि पाहून प्रसन्न व्हावें असें घर. जमीन हलली, भिंतींचे दोन्ही थर पोटांतून फुटले, आणि इतकीं वर्षें ज्यानें थंडावा दिला तें सर्व वजन निजलेल्या माणसांवर आलें.

मीं आजीला विचारलें, "मग तूं हीं भांडीं टाकून कां दिलीं नाहींस?"

"भांड्यांचा काय गुन्हा?" ती म्हणाली. "उंच आम्ही ठिवली व्हती."

पुढें तिला झोंप लागली. मला लागली नाहीं. फळीखालीं बसून मी गांवाकडचें घर पुन्हां डोळ्यांसमोर आणूं लागलों. भूकंपानंतर ५२ गांवें जुन्या जागेवरून हलवून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरें जमिनीच्या हिशेबानें मिळालीं: ज्याला जमीन नाहीं किंवा थोडी आहे त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आमच्या वांट्याला २५० आलीं. सरळ रेषेंत आंखलेल्या गल्ल्या, एकासारखें एक घर. रात्रीं बाहेरून येणारा माणूस आपलें दार चुकून शेजारच्याचें दार वाजवी, असें वडील सांगतात. योगायोग असा कीं आमची शहरांतील जागा मोजली तर तीहि जवळजवळ तेवढीच भरेल.

त्या २५० चौरस फुटांत आजीनें काय केलें होतें? खाट भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्याकडे. खाटेवर छताखेरीज कांहीं नाहीं. जड तें सर्व जमिनीवर. भिंतींवर कागदाची दिनदर्शिका आणि देवाची एक हलकी तसबीर, तीहि दाराच्या बाजूस, जेथें कोणी निजत नाहीं. खाटेपासून दारापर्यंतची वाट नेहमीं मोकळी. त्या वाटेंत कोणी घागर ठेविली तर आजी रागावत असे, आणि आम्ही मुलें हंसत असूं. जुन्या घराची फळी आंगणांत, दोन दगडांवर, गुडघ्याइतक्या उंचीवर. मुलांनीं चढावें, म्हातारीनें बसावें, आणि कोणाच्याहि अंगावर पडूं नये इतकी ती खालीं होती. ह्या सर्वाला मीं अडाणीपणा असें नांव दिलें होतें. त्या रात्रीं मला कळून आलें कीं इतकी विचारपूर्वक मांडलेली खोली मीं कोणत्याहि चित्रांत पाहिलेली नाहीं. तीस वर्षें माझ्या आजीनें आपलें घर आपल्या पद्धतीनें सजविलें होतें. फक्त तें पाहण्याची दृष्टि मजजवळ नव्हती. गोरोबाकाकांची थापटी मला माझ्याच घरांत, मध्यरात्रीं बसली.

सकाळ होतांच मीं कळश्या उतरविल्या व सुताराला बोलावून फळी काढून घेतली. आजी दारांत बसून पाहत होती. काढलेली फळी कोठें ठेवूं म्हणून मीं विचारलें. तिला कोणीं असें विचारावें ह्याचें नवल वाटल्यासारखें तिनें माझ्याकडे पाहिलें, आणि मग उठून आमची सारी खोली तिनें एकदां चालून पाहिली. खिडकीखालीं चार-चार विटा रचून त्यांवर फळी ठेवावयास तिनें सांगितलें. हें आमचें बसावयाचें बांक झालें. मुलगी त्यावर चित्रें काढते, आणि मी वह्या तपासतों. कळश्या त्याच्या बाजूस जमिनीवर आल्या. पोचा आलेल्या कळशीची ती बाजू आतां खोलीकडे आहे. ती फिरवून ठेवावी असें मला वाटत नाहीं. पुस्तकांचें कपाट मीं खिळ्यांनीं व लोखंडी पट्ट्यांनीं भिंतीशीं जखडून टाकलें, आणि जाड पुस्तकें वरच्या खणांतून खालच्या खणांत आणलीं. पाणीमहालाच्या छायाचित्राची कांच काढून तें साध्या पुठ्ठ्यावर चिकटविलें.

दिवाणावरची भिंत मात्र रिकामी दिसूं लागली. सुताराच्या आधारांचीं चार भोकें तीवर राहिलीं होतीं. तीं कशानें झांकावीं ह्याचा मी विचार करीत होतों, तोंच आजीनें आपल्या गांठोड्यांतून एक वाकळ काढली. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे जोडून तिनें ती स्वतः शिवलेली होती. कडेनें बारीक पांढरे टांके, एकाखालीं एक, ओळीनें चाललेले. ती म्हणाली, "ही लाव."

"आजी, ही पांघरावयाची. भिंतीला लाविली आणि निसटून पडली तर?"

"पडली तर पडंल," ती म्हणाली. "लेकराच्या अंगावर पांघरूणच पडंल की."

ती वाकळ आमच्या भिंतीवर लागली, व आजी आपले डोळे दाखवून गांवीं गेली. जातांना तिनें मुलीला स्वतः दिवाणावर निजविलें. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यानें त्या वाकळेकडे पाहतो आणि ती कोठून विकत घेतली तें विचारतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं पुष्कळांचीं घरें आमच्यासारखीं लहान आहेत, आणि पुढें शिकावयास पुण्या-मुंबईकडे जाल तेव्हां कदाचित् याहूनहि लहान खोल्यांत राहाल. त्या खोल्या तुम्ही अवश्य सजवा. सजविलेल्या खोलींत अभ्यासाला मन लागतें, आणि आपली खोली आपल्यासारखी दिसावी ही हौस चांगलीच आहे. चित्रांतून घ्या, गांवाकडून आणा, स्वतः करा. फक्त मॉरिससाहेबांच्या दोन कसोट्यांना माझ्या आजीची तिसरी जोडून घ्या. वस्तु उपयोगाची आहे काय? सुंदर आहे काय? आणि ती पडली तर कोणाच्या अंगावर पडेल? जड वस्तु खालीं ठेवावी, निजण्याच्या जागेवर कांच व ओझें नसावें, कपाट भिंतीशीं बांधावें, दाराची वाट मोकळी ठेवावी. ह्या चार गोष्टींना पैसा फारसा लागत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं आजी-आजोबा आहेत त्यांनीं आणखी एक करावें. त्यांच्या खोलींतील वस्तू जेथें आहेत तेथें त्या कां आहेत, हें त्यांना एकदां जवळ बसून विचारावें. मीं हें विचारावयास तीस वर्षें लाविलीं.

अजून बोळांतून वाळूचे ट्रक जातात, आणि तावदानें थरथरतात. मी जागा होतों व संवयीनें वर पाहतों. भिंतीवर वाकळ किंचित् हलते. खालीं मुलगी निजलेली असते. मी पुन्हां डोळे मिटतों.